सभामंडपाचे खांब आणि रानातली शाळा

गेल्या वैशाखात आमच्या देवस्थानाच्या महाजनांची सभा भरली होती. विषयपत्रिकेवर महत्त्वाचा विषय एकच होता: जुना लाकडी सभामंडप उतरवून त्याच्या जागी सिमेंट-काँक्रीटचा, वर सपाट गच्चीचा आणि खाली संगमरवरी फरशीचा नवा मंडप उभारणे. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनी जी कारणे दिली त्यांतील एक असे होते की त्यास उत्तर देण्याचे धैर्य सभेत कोणास झाले नाही. ते म्हणाले, "लाकूड वापरावयाचे म्हणजे झाडे तोडावयाची. सारे जग झाडे लावा म्हणून ओरडत असता देवाच्या दारात आपण लाकडाचा हट्ट धरणे हे पाप आहे." टाळ्या पडल्या. आम्ही उभे राहिलो, चार शब्द बोललो, इंग्लंडातील एका रानाचा व त्या रानात भरणाऱ्या एका शाळेचा दाखला दिला, तेव्हा मागून एकाने विचारले, "वकीलबाब, देवळाचा मंडप कसा बांधावा हे आता इंग्रजांनी आम्हांस शिकवावे काय?" हशा पिकला आणि ठराव संमत झाला.

सभेत ज्यास पाच मिनिटे मिळाली नाहीत त्यास मासिकात चार पाने मिळतात, ही संपादकांची कृपा. त्या कृपेचा आम्ही पुरता उपयोग करणार आहोत. ठराव मांडणारे गृहस्थ आमचे शत्रू नव्हेत. त्यांची देवावरील निष्ठा आमच्याहून काकणभर अधिकच असेल. परंतु त्यांनी दिलेले कारण खोटे आहे, आणि खोटे कारण पुण्याच्या वेषात आले म्हणजे ते अधिक घातक होते. ज्या समाजाला आपल्या रानातले लाकूड लागत नाही त्याला ते रानही फार काळ लागत नाही, असे आमचे म्हणणे आहे; आणि ते मांडण्यासाठी आम्ही मुद्दाम त्याच इंग्रजी रानाचा दाखला, सभेत जो पुरा करू दिला गेला नाही तो, येथे पुरा करतो.

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तेथील बीमिन्स्टर ह्या लहान गावाजवळ हूक पार्क नावाचे सुमारे १५० हेक्टरांचे रान आहे. पुराणकाळापासून अस्पर्श राहिलेले असे ते अरण्य नव्हे. बीच, स्प्रूस अशा झाडांची माणसाच्या हाताने लावलेली व राखलेली ती वनशेती आहे. जॉन मेकपीस हे लाकडी सामान घडविणारे नामांकित कारागीर. त्यांनी १९७७ साली जवळच्याच पार्नहॅम येथील एका जुन्या वाड्यात सुतारकामाची शाळा काढली होती. त्या शाळेच्या विश्वस्त संस्थेने १९८३ साली हे रान विकत घेतले आणि ठरवले, की रानातच दुसरी एक शाळा उभारावयाची, तीत लाकडाचे शिक्षण झाड उभे असल्यापासून द्यावयाचे, आणि त्या शाळेच्या इमारती शक्य तो त्याच रानातल्या लाकडाच्या करावयाच्या.

आता येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण आमच्या सभेतील सर्व टाळ्या तिच्या अज्ञानावर पडल्या होत्या. लाकडासाठी झाडे लावताना ती दाट लावतात. दाटीत लावली म्हणजे उजेडासाठी प्रत्येक झाड सरळ वर चढते, आडव्या फांद्या कमी फोडते. पुढे काही वर्षांनी त्यांतील पुष्कळशी काढून टाकावी लागतात. न काढली तर सगळीच किडकी, काटकुळी राहतात आणि एकही खोड जाड होत नाही. भाताची रोवणी करणाऱ्या कोणासही हे सांगावे लागणार नाही. ह्या कामास विरळणी म्हणतात. विरळणीत निघालेले सोट बारीक असतात. करवतीच्या गिरणीस ते परवडत नाहीत, त्यांच्या फळ्या पडत नाहीत. ते कागदाच्या लगद्यास किंवा चुलीत जातात आणि त्यांचे मोल तोडणीच्या मजुरीइतकेही येईल की नाही याची भ्रांत असते. मग मालक विरळणी करीत नाही. विरळणी झाली नाही म्हणजे रान आजारी पडते. आजारी रानाचे उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नसलेल्या जमिनीस गिऱ्हाईक लवकर मिळते. रान तुटण्याची ही वाट डॉर्सेटात आहे तशीच अंत्रुजातही आहे.

हूक पार्कच्या मंडळींनी प्रश्न असा घातला: ह्या कवडीमोल सोटांची इमारत होईल काय? उत्तर काढावयास त्यांनी लहानसहान माणसे बोलावली नाहीत. म्यूनिक येथे १९७२ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या क्रीडांगणावर ज्यांनी तंबूसारखे विस्तीर्ण छत ताणले ते जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो, लंडनची आरेंड्स, बर्टन व कोरालेक ही वास्तुविशारदांची पेढी, आणि बुरो हॅपोल्ड हे स्थापत्य अभियंते असे तिघे मिळून बसले. त्यांनी जे शोधून काढले ते ऐकावयास अगदी सोपे आहे. बारीक सोट करवतीने चिरून चौकोनी केला की त्याचे तंतू जागोजाग तुटतात आणि त्याचा जोर जातो. तोच गोल ठेवला तर तंतू शेंड्यापासून बुडख्यापर्यंत अखंड राहतात. असा सोट उभा दाबला तर वाकतो खरा, पण दोन्ही टोकांनी ताणला तर दोरखंडासारखे काम देतो. आणि ओला असतानाच वाकवला तर सहज कमानीत बसतो. १९८७ च्या सुमारास उभे राहिलेले तेथील पहिले घर ह्या ताणलेल्या सोटांवर तंबूसारखे लटकले आहे. १९८९ ची कार्यशाळा ओल्या सोटांच्या कमानींची आहे. तिच्यात शिरणारास आपण एका उलट्या नावेखाली उभे आहोत असे वाटावे. पुढे १९९६ साली एडवर्ड कलिनन ह्यांनी तेथे विद्यार्थ्यांसाठी आठ खोल्यांचे वसतिगृह बांधले, त्याच्या छपरावर गवत वाढते.

सांध्यांचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. लाकूड ताणले म्हणजे ते तुटते ते बहुधा सांध्याशीच. तेथे त्यांनी सोटाच्या टोकाशी निमुळते भोक पाडून राळेसारख्या चिवट रासायनिक द्रव्यात पोलादी दांडा बसवला. आमच्या जुन्या मेस्त्रींनी हे पाहून नाक मुरडले असते, आणि आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो असतो. रासायनिक राळ शंभर वर्षे टिकेल असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? कूस आणि खाच ह्यांचा सांधा उकलता येतो, बदलता येतो. राळेचा सांधा बिघडला तर सोटच टाकावा लागतो. दाखला घ्यावयाचा म्हणजे दोषासकट घ्यावयाचा असे नव्हे.

दुसराही एक दोष सांगितला पाहिजे. ही शाळा रानावर पोट भरू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी निघाली होती. तो हेतू पुरा वठला नाही. २००२ साली ते रान व त्या इमारती लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन ह्या १८४७ पासून चालत आलेल्या वास्तुशास्त्राच्या शाळेकडे गेल्या. आज तेथे जगभरचे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी येऊन राहतात. आम्हांस लाकूडतोड्याचा मुलगा तेथे शिकलेला अधिक आवडला असता. पण जे येतात ते कागदावर रेघा मारून परत जात नाहीत, हे मान्य केले पाहिजे. झाड निवडावयाचे, पाडावयाचे, वाहून आणावयाचे, सुकवावयाचे, त्याचे घर बांधावयाचे आणि पहिल्या पावसात ते कोठे गळते हे स्वतः पाहावयाचे, अशी तेथील शिक्षणाची तऱ्हा आहे. २०१२ साली उभी राहिलेली मोठी कार्यशाळा, राखणदाराचे घर, लाकूड सुकविण्याची पडवी ही सारी विद्यार्थ्यांच्या हातची कामे आहेत. ज्याने झाड पाडले आहे तो लाकडाचा तुकडा वाया घालवीत नाही. ज्याने ते फक्त दुकानातून आणले आहे तो घालवतो. एवढे शिकविले तरी त्या शाळेचे पैसे फिटले, असे आम्ही म्हणू.

त्यांच्या एका इमारतीची हकीकत तर आमच्या प्रत्येक मेस्त्रीने ऐकावी अशी आहे. रानातील घरे उबदार ठेवण्यासाठी तेथे लाकडाच्या ढलप्या जाळणारी भट्टी आहे. त्या ढलप्या साठविण्यासाठी २०१६ साली एक कोठार बांधले. त्यासाठी विद्यार्थ्यांनी बीच वृक्षांची बेचकी वापरली. खोडास जेथे दोन फांद्या फुटतात तो भाग गिरणीत निरुपयोगी समजतात. वाकडा म्हणून तो जळणात जातो. परंतु बेचक्यात झाडाने स्वतःच तंतूंची जी वीण घातलेली असते तिच्याइतका पक्का सांधा कोणताही सुतार करू शकत नाही. त्या मंडळींनी उभ्या झाडांवरील २०४ बेचक्यांची छायाचित्रे घेऊन त्यांची नोंद केली, त्यांतील २५ पाडली, त्यांची यंत्राने घनाकृती मोजदाद केली, आणि कोणते बेचके कोठे बसवावे हे गणकयंत्राकडून ठरवून २० बेचक्यांची सुमारे २५ मीटर लांबीची कमानदार कैची उभी केली. खाचा पाडण्याचे काम यांत्रिक हाताने केले.

हे वाचून कोणास वाटेल, की ही तर यंत्रयुगाची करामत. आमचा तिच्याशी काय संबंध? संबंध असा की आमच्या कोकणपट्टीतला नांगर वाकड्या लाकडाचाच होत असे, आणि होडीच्या फासळ्यांसाठी नैसर्गिक बाक असलेल्या फांद्या शोधीत मेस्त्री रानात हिंडत असे. कोणत्या झाडाचा कोणता बाक कशास लागेल हे तो झाड उभे असतानाच ठरवी. ती २०४ नोंदींची वही त्याच्या डोक्यात होती. आता नांगर लोखंडाचा झाला, होडी फायबरची झाली, त्यामुळे ते डोके रानात जाईनासे झाले. इंग्रजांनी आम्हांस शिकवावे काय, असे विचारणाऱ्या आमच्या मित्रास आमचे उत्तर हे आहे, की जे आपण विसरलो ते त्यांनी गणकयंत्रे लावून नव्याने शोधून काढले. आपल्यापाशी तर ते जाणणारी माणसे अजून जिवंत आहेत. आपण त्यांना विचारीत नाही एवढेच.

आणि इंग्रज नकोच असतील तर एका देवस्थानाचाच दाखला घ्यावा. जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी संपूर्ण नव्याने, जुन्याच पद्धतीने, लाकडात बांधतात. तेराशे वर्षांपासून, मध्ये खंड पडला तो धरून, हा क्रम चालत आला आहे. २०१३ साली बासष्टावी बांधणी झाली, पुढची २०३३ साली व्हावयाची आहे आणि तिच्या तयारीचे विधी २०२५ सालीच सुरू झाले. लागणारे लाकूड हिनोकी नावाच्या सूचिपर्णी वृक्षाचे. एके काळी देवालयाच्या भोवतालच्या डोंगरांवरचे मोठे हिनोकी संपले, आणि मग शतकानुशतके दूरच्या किसो खोऱ्यातून लाकूड आणावे लागले. तेव्हा त्या देवस्थानाने काय केले? लाकूड पाप आहे असा ठराव केला नाही. १९२३ साली त्यांनी आपल्याच डोंगरावर दोनशे वर्षांचा बेत आखून हिनोकी लावावयास आरंभ केला. त्या लागवडीच्या विरळणीतून निघालेली खोडे २०१३ च्या बांधणीत वापरली गेली. एकूण लाकडाचा सुमारे चौथा हिस्सा घरच्या रानाचा निघाला. ज्यांनी १९२३ साली रोपे लावली त्यांतील एकही माणूस ती पुरती वाढलेली पाहणार नव्हता, आणि हे त्यांस ठाऊक होते. शिवाय दर वीस वर्षांनी बांधावयाचे असल्यामुळे तरुण सुतार पहिल्या वेळी हाताखाली राबतो, दुसऱ्या वेळी काम करतो, तिसऱ्या वेळी शिकवतो. देऊळ हीच तेथील शाळा झाली आहे.

आता आमच्या ठरावातील मुख्य कारणाकडे वळू. लाकूड म्हणजे वृक्षतोड आणि काँक्रीट म्हणजे वृक्षरक्षण, हे समीकरण बांधणाऱ्यांस आम्ही विचारतो: खडी कोठून येते? डोंगर फोडून येते. त्या डोंगरावर काय वाढत होते? रेती कोठून येते? नदीच्या पोटातून; आमच्या नद्यांचे काठ कशाने ढासळत आहेत हे गोव्यात कोणास सांगावे लागेल काय? सिमेंट चुनखडी भाजून होते, आणि मनुष्यजातीच्या हातून हवेत जाणाऱ्या कर्बवायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उद्योगातून जातो. उलट सुक्या लाकडाच्या वजनात निम्मा भाग कर्ब असतो. तो झाडाने हवेतून घेतलेला असतो आणि खांब उभा आहे तोपर्यंत खांबातच राहतो. म्हणजे आपला जुना मंडप गेली कित्येक दशके जे काम मुकाट्याने करीत आहे ते मोडून, त्याच्या नेमके उलट काम करणारी वस्तू आपण पर्यावरणाच्या नावाने आणीत आहो. हा विनोद आम्हांस एकट्यानेच हसावा लागत आहे.

ह्या गैरसमजुतीचा सर्व दोष महाजनांच्या माथी मारणे मात्र अन्याय होईल. सरकारनेच तो पोसला आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली आपल्या कामांत लाकडाच्या वापरास बंदी केली. वने वाचावी हा हेतू. दारे-खिडक्या लोखंडाच्या, ॲल्युमिनियमच्या, पुढे प्लॅस्टिकच्या झाल्या. सत्तावीस वर्षांनी, २०२० साली, ती बंदी उठविण्यात आली, कारण लाकडास मागणी नाही म्हणून शेतकरी झाडे लावीत नाही आणि झाडे नाहीत म्हणून देश परदेशाहून लाकूड आणतो, हे सरकारच्याही ध्यानात आले. बंदीने सुतार गेले, सुतारांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली. बंदी उठल्याचे परिपत्रक त्यांस परत आणीत नाही.

आमच्या गोव्यातील कायद्याची कथा तर निराळीच. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली स्वतःच्या जमिनीत स्वतः लावलेले झाड पाडावयासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०१६ साली ह्याच कायद्यातून माडास वगळले, म्हणजे कायद्याने माड हे झाड उरले नाही. पुढे ओरड झाली तेव्हा त्यास पुन्हा झाड करण्यात आले. गंमत सोडून द्या. पण तोडणाऱ्यास अडवावयाच्या ह्या कायद्यांची लावणाऱ्यास धास्ती बसली आहे, हे आम्ही रोजच्या वकिलीत पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सांगितले, की वन ह्या शब्दाचा अर्थ कोशातला घ्यावयाचा, मालक कोणी का असेना. हा आदेश नसता तर आज पश्चिम घाटाचा किती भाग उरला असता कोण जाणे; आम्ही त्याचे पूर्ण समर्थक आहो. गोव्यात खासगी वन ठरविण्याचे निकष आहेत: पाऊणशे टक्के झाडे वन्य जातींची, सलग क्षेत्र किमान ५ हेक्टर, छत्राची घनता ४० टक्के. पण मोकळ्या बरडावर साग किंवा फणस लावू इच्छिणारा भाटकार ते निकष ऐकून विचारतो, "उद्या माझी लागवडच वन ठरली तर?" आणि तो काजूच ठेवतो, नाहीतर जमीन विकतो. त्यास आमचा सल्ला असा, की लावण्यापूर्वी सर्व्हे क्रमांकासह लागवडीची नोंद वनखात्याकडे लेखी करून पोच घ्यावी. आमदारांस आमचे सांगणे असे, की राखलेल्या रानास संरक्षण द्या, पण लावलेल्या लाकडास वाट द्या. एकाच कलमात दोघांस कोंडू नका. बांबूच्या बाबतीत हे झालेच आहे. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला. बांबूस जे लागू पडले ते नोंदलेल्या सागास का लागू पडू नये?

येथे कोणी आमच्यावर देवराईत कुऱ्हाड घालण्यास निघाल्याचा आरोप करील, म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो. देवराईत एक काडीही तोडावयाची नाही. सत्तरीतील निरंकाराच्या राईत दलदलीत उभी असलेली जायफळाच्या कुळातली झाडे पाहिलेल्या माणसास हे सांगावे लागत नाही. देवाने राखलेले रान वेगळे आणि माणसाने लावलेले वेगळे, हा भेद आपल्या पूर्वजांस उत्तम कळत होता. म्हणूनच राई राखली आणि मंडपासाठी फणस बागेतला आणला. सर्वोच्च न्यायालयानेही १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील देवराया, ज्यांस तेथे ओरण म्हणतात, त्यांच्या प्रकरणी त्यांचे सर्वेक्षण व संरक्षण करण्याचा आदेश दिला आणि देशभरच्या देवरायांसाठी धोरण आखण्याची शिफारस केंद्रास केली. ज्या देवस्थानांच्या नावे राई आहे त्यांनी हा निकाल वाचावा. आमचे म्हणणे राईबाहेरच्या उघड्या टेकड्यांविषयी आहे.

वाळवी आणि आग ह्या दोन आक्षेपांस दोन शब्द पुरेत. आगीत पोलादाचा कणा साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मा जोर गमावतो. जाड लाकूड बाहेरून कोळसते, मिनिटास एक मिलिमीटरहूनही कमी वेगाने, आणि तो कोळसाच आतल्या गाभ्यास काही काळ राखतो. विजेच्या तारा नीट ओढा, आमच्या देवळांतील आगीचे खरे मूळ तेथे असते. वाळवीबद्दल मार्दोळच्या म्हाळसेच्या मंडपातील कोरीव खांबांस किंवा बांदिवड्याच्या महालक्ष्मीच्या चौकातील विष्णूच्या अठरा काष्ठमूर्तींस जाऊन विचारावे. पक्क्या गाभ्याचे लाकूड, त्याखाली दगडी तळखडा, वर उतरते कौलारू छप्पर आणि चारी बाजूंनी खेळता वारा, एवढे असले की लाकूड पिढ्यान्पिढ्या उभे राहते. काँक्रीटच्या मंडपांचे म्हणाल तर आमच्याच तालुक्यात तीसचाळीस वर्षांपूर्वी बांधलेले कित्येक आज पाहता येतात. खाऱ्या दमट हवेने आतली लोखंडी सळी गंजली आहे, गिलावा फुगला आहे, आणि गळणाऱ्या गच्चीवर निळे पत्रे घातले आहेत. ज्यास उतरते छप्पर नको होते त्यास शेवटी उतरते छप्परच घ्यावे लागले, तेही पत्र्याचे!

आमच्या मंडपास सोळा खांब आहेत. आषाढात आम्ही गावच्या एका वृद्ध मेस्त्रीस बरोबर घेऊन ते एकेक पाहिले. त्यांनी हातोडीच्या दांड्याने प्रत्येक खांब ठोकून कान लावला. बारा पक्के निघाले. चार बुडाशी हातभर कुसले आहेत, आणि हे चारही एकाच बाजूचे. त्या बाजूस काही वर्षांपूर्वी समितीने सिमेंटची नवी फरशी घातली, ती उंच करताना दगडी तळखडे फरशीत गाडले गेले, आणि पागोळीचे पाणी खांबाच्या पायाशी साचू लागले. मेस्त्री म्हणाले, "लांकूड आपशींच मरना, बाब. ताचे पांय उदकांत दवरले जाल्यारूच तें कुसता." कुसलेला भाग कापून नव्या फणसाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडता येईल, असे ते म्हणतात, अशी चार कामे त्यांनी आयुष्यात केली आहेत. त्यांचा मुलगा दुबईस आहे. नातवास हे काम शिकावयाचे आहे काय, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, शिकवावयास आधी काम हवे ना?

म्हणून आम्ही नवा ठराव लिहून दिला आहे. त्यात पाचच गोष्टी आहेत. मंडप उतरवू नये. फरशी खाली घेऊन तळखडे मोकळे करावे आणि चार खांब जोडून घ्यावे. ह्या दुरुस्तीच्या वेळी गावातील किमान सहा मुलांस, ती कोणत्याही जातीची असोत, मेस्त्रींच्या हाताखाली मजुरी देऊन ठेवावे. देवस्थानाची देवळामागची उघडी टेकडी, जी गेली वीस वर्षे कोणत्याही उपयोगाविना आहे, तीवर फणस, साग व बांबू ह्यांची नोंदणीकृत लागवड करावी. आणि पहिला बांबू तोडणीस आला म्हणजे त्याचीच एक मोकळी पडवी त्या टेकडीच्या पायथ्याशी बांधून तेथे लाकडाचे व रानाचे शिक्षण सुरू करावे. हूक पार्काएवढी मोठी नको, दहा मुले बसतील एवढी पुरे.

नव्या काँक्रीटच्या मंडपाचा जो अंदाजखर्च संमत झाला आहे त्याच्या एका अंशात हे सारे बसते. हिशेब आम्ही ठरावास जोडला आहे. संमत झालेला ठराव फिरविण्यास महाजनांची सभा पुन्हा बोलवावी लागेल, आणि त्यासाठी पुरेशा सह्या आमच्यापाशी जमल्या आहेत. देवालयांचे प्रशासक म्हणून मामलेदारांकडेही एक प्रत दिली आहे. सभेची तारीख अजून लागलेली नाही. मंडप उतरविण्याचा मक्ता मात्र दिवाळीनंतरचा आहे.